संगणक ‘हे नाव माहीत नाही’ म्हणतो तेव्हा



यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ राजूर नावाचे गाव आहे. जमिनीखाली दगडी कोळसा आणि जवळच चुनखडी, असा दुहेरी खजिना निसर्गाने या गावाला दिला. त्यामुळे कोळशाच्या खाणी आणि चुनाभट्ट्या ही राजूरची जुनी ओळख. १९७३ साली देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे १९७५ साली स्थापन झालेल्या ‘वेस्टर्न कोलफील्ड्स’ या नागपूरच्या सरकारी कंपनीकडे या भागातील खाणी आल्या. तुमच्यापैकी जे राजूर, भालर, घुग्घुस अशा ठिकाणी राहतात त्यांना पाळीचा भोंगा नवीन नाही. आजचा लेख मात्र कोळशावर नाही, संगणकावर आहे. संगणकाच्या आज्ञावलीतील एक अगदी छोटा प्रश्न मला तुमच्यापुढे मांडायचा आहे, आणि तो समजून घ्यायला भूमिगत खाणीइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

कोळशाच्या थरात मिथेन वायू अडकलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून भूमिगत कोळसा खाण कोणतीही असो, तिथे ठरावीक वेळी वायू तपासावा लागतो व नोंद करावी लागते. आपल्याकडील नियमांप्रमाणे खाणीतील कोणत्याही जागी ज्वालाग्राही वायूचे प्रमाण १.२५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आता समजा, विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही एक आज्ञावली लिहायला घेतली: दर तासाची मिथेनची नोंद वाचायची आणि आकडा १.२५ च्या वर गेला तर भोंगा वाजवायचा. (खऱ्या खाणीत वापरायच्या यंत्रणांची तपासणी वेगळी आणि फार कडक असते. आपली आज्ञावली शाळेच्या टेबलावरच राहणार आहे.)

दहा तासांच्या दहा नोंदी. सातव्या तासाला तपासणीच झाली नाही. आज्ञावलीने त्या जागी काय धरावे?

“शून्य,” असे उत्तर वर्गात लगेच येते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवह्या तपासताना मी हे शून्य किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही. वाचन घ्यायचे राहिले की रकान्यात शून्य! पण शून्य हे वाचन आहे. ‘मी तपासले आणि वायू सापडला नाही’ असे ते सांगते. मोकळा रकाना सांगतो, ‘मी तपासलेच नाही.’ पहिल्या वाक्यावर विसंबून माणसे खाली उतरतात, दुसऱ्यावर उतरता कामा नये. साधा हिशेबही बिघडतो. समजा चार तासांच्या नोंदी ०.४, ०.६, मोकळी आणि ०.५ अशा आहेत. तीन खऱ्या नोंदींची सरासरी ०.५ येते, मोकळ्या जागी शून्य घातले तर ती ०.३७५ वर उतरते. पर्जन्यमापकाचेही तसेच आहे. सकाळी साडेआठला बाटली मोजली आणि ती कोरडी निघाली तर पाऊस शून्य. मोजणाराच आला नसेल तर नोंद नाही.

आता या नोंदवहीकडे आणखी बारकाईने पाहू. एकूण चार परिस्थिती संभवतात. वहीत ‘मिथेन’ नावाचा रकानाच आखलेला नाही, ही पहिली. रकाना आहे पण त्यात काही लिहिलेले नाही, ही दुसरी. रकान्यात मुद्दाम आडवी रेघ मारून ‘तपासणी नाही’ असे कळवले आहे, ही तिसरी. आणि रकान्यात शून्य आहे, ही चौथी. आज्ञावलीतील चलांचे अगदी असेच असते. चल म्हणजे तुमच्या बीजगणितातलाच, फक्त इथे तो संगणकाच्या स्मृतीतील एखाद्या गोष्टीला दिलेले नाव असतो. नावच नसणे, नाव असून किंमत नसणे, ‘काही नाही’ हीच किंमत असणे आणि किंमत शून्य असणे, या चार गोष्टी वेगळ्या आहेत. एखादे नाव ठरवलेले आहे का, हे तपासणे म्हणजे पहिली परिस्थिती उरलेल्या तिन्हींपासून वेगळी काढणे.

नाव आणि किंमत यांतला हा फरक आपल्या मातीत जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणतात. अज्ञात राशी एकापेक्षा अधिक असतील तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे मिळतात, आणि लिहिताना त्यांची आद्याक्षरे, या, का, नी अशी वापरतात. किंमत माहीत नाही, पण नाव आधी पक्के! नाव दिल्याशिवाय समीकरण मांडता येत नाही. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, हे सांगणारा इ. स. १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. सहलीला गेलात तर देवळाबरोबर तोही पाहा.

आता संगणक नावांच्या बाबतीत कसा वागतो ते पाहू. सी सारख्या भाषेत चल वापरण्यापूर्वी त्याची घोषणा करावी लागते. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर देशभरातील कितीतरी विद्यार्थी ही भाषा शिकले. तिथे कंपायलर नावाचा पहारेकरी सगळी आज्ञावली आधी वाचतो, आणि न सांगितलेला चल दिसला की आज्ञावली चालूच होऊ देत नाही. स्क्रिप्टिंग भाषांची रीत निराळी. पायथन (१९९१), रुबी आणि जावास्क्रिप्ट (दोन्ही १९९५) या भाषांत घोषणेचा तो जाच नाही. नाव लिहा, त्यापुढे किंमत ठेवा, झाला चल तयार. शिकायला सोप्या, म्हणून शाळेत पायथन आली ते चांगलेच झाले. पण पहारेकरी गेला की त्याचे काम कोणीतरी करावे लागते.

एक उदाहरण घेऊ. पायथनच्या २००८ सालापासूनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीत लिहिता येतात. (सूचनांचे शब्द मात्र इंग्रजीच लागतात, आणि आज्ञावलीत थेट लिहायचे आकडे देवनागरी चालत नाहीत.) चुनाभट्टीवर चुनखडीचे तीन ट्रक आले, १२, ९ आणि ११ टनांचे. बेरीज करायची आहे. आपण ‘एकूण’ या चलात शून्य ठेवतो आणि प्रत्येक ट्रकमागे ‘एकूण’ मध्ये ‘वजन’ मिळवून उत्तर पुन्हा ‘एकूण’ मध्ये ठेवतो. शेवटी ३२ मिळायला हवेत. आता टंकलिखित करताना डाव्या बाजूला ‘एकूण’ ऐवजी ‘एकुण’ पडले. ऱ्हस्व-दीर्घाची चूक! मराठीचे गुरुजी एक गुण कापतील. पायथन काय करते? काहीच नाही. तिच्या दृष्टीने ‘एकुण’ हा नवा चल. दर वेळी त्यात शून्य अधिक त्या ट्रकचे वजन जाते. शेवटी ‘एकुण’ मध्ये ११ आणि ‘एकूण’ मध्ये शून्य. तुम्ही ‘एकूण’ छापता आणि पडद्यावर शून्य टन दिसते. तक्रार नाही, इशारा नाही.

हीच चूक उजव्या बाजूला झाली असती, म्हणजे कधीच न ठेवलेल्या ‘एकुण’ ची किंमत विचारली असती, तर पायथन तिथेच थांबली असती आणि ‘हे नाव ठरवलेले नाही’ असे तिने सांगितले असते. या तक्रारीला ‘नेमएरर’ म्हणतात. मुले तिला घाबरतात. मला ती संगणकाची सर्वांत प्रामाणिक सूचना वाटते. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणे सर्वांनाच जमते असे नाही.

सर्वच भाषा एवढ्या सरळ नाहीत. १९७७ साली तयार झालेली ऑक ही जुनी भाषा न ठेवलेल्या चलाला हिशेबात गुपचूप शून्य मानते. पर्लही तसेच करते, मात्र ‘स्ट्रिक्ट’ चा नियम लावला तर न सांगितलेले नाव ती स्वीकारत नाही. लिनक्समधील शेल अशा नावाच्या जागी रिकामी जागा घालते, आणि ते किती महागात पडते हे २०१५ साली दिसले. ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या प्रणालीतील एका स्क्रिप्टमध्ये ‘अमुक फोल्डरच्या आतले सर्व पुसा’ अशी सूचना होती. फोल्डरचे नाव असलेला चल एखाद्या वेळी रिकामा राहिला की सूचनेतून ‘अमुक’ गळून पडे आणि ‘सर्व पुसा’ तेवढे उरे. काही जणांच्या संगणकांवरील स्वतःच्या फायली त्यात गेल्या. ठरवलेले नसलेले नाव दिसताच थांबण्याची सोय शेलमध्ये आहे. ती मागून घ्यावी लागते.

जावास्क्रिप्टचा प्रकार तर आपल्या भोंग्याच्या दृष्टीने भलताच धोक्याचा. तिथे किंमत न ठेवलेल्या चलाला ‘अनडिफाइन्ड’ अशी खास अवस्था असते. ती १.२५ पेक्षा मोठी आहे का असे विचारले तर भाषा कुरकुर न करता ‘नाही’ म्हणते. ती १.२५ पेक्षा लहान आहे का असे विचारले तरीही ‘नाही’! म्हणजे सातव्या तासाची नोंद नसली तर भोंगा शांत. आणि भोंगा शांत असला की माणूस काय समजतो, ते सांगायला नको. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीतही ‘काही नाही’ आणि संख्या यांची तुलना चालत असे. तिसऱ्या आवृत्तीत ती तुलना केली की आज्ञावली थांबते. हा बदल करणाऱ्यांना मी मनातून नमस्कार केला आहे.

चलांबद्दल एवढे पुरे. मेथडकडे वळू, कारण माझा खरा आग्रह तिथे आहे. मेथड म्हणजे एखाद्या वस्तूला करता येणारे काम. आपल्या आज्ञावलीत ‘भोंगा’ ही वस्तू आणि ‘वाजव’ ही तिची मेथड. आता ‘वाजव’ च्या जागी चुकून ‘वाजीव’ लिहिले गेले. पायथन ती ओळ केव्हा तपासेल? त्या ओळीवर पोहोचेल तेव्हाच. आणि त्या ओळीवर ती पोहोचणार मिथेन १.२५ च्या वर गेल्यावरच! तोपर्यंत शंभर दिवस आज्ञावली उत्तम चालेल, प्रदर्शनात बक्षीसही मिळवील. ज्या दिवशी भोंग्याची गरज लागेल नेमक्या त्याच दिवशी ‘अशी मेथड नाही’ असे सांगून ती बंद पडेल.

यावर तुमचा हुशार मित्र सांगेल, “सोपे आहे! मेथड ठरवलेली आहे का ते आधी विचारायचे, आणि असेल तरच बोलवायची.” तशी सोय या स्क्रिप्टिंग भाषांत आहे. पायथनमध्ये ‘हॅजॲटर’ हे फंक्शन वस्तूपाशी त्या नावाचे काही आहे का ते सांगते आणि ‘कॉलेबल’ हे ती गोष्ट बोलावण्याजोगी आहे का ते सांगते. रुबीमध्ये ‘रिस्पॉन्ड टू’ आहे. शिवाय प्रश्नचिन्हासकट लिहायचा ‘डिफाइन्ड?’ हा शब्द आहे, जो नाव असेल तर ते कशाचे नाव आहे तेही कळवतो, चल की मेथड, आणि नसेल तर ‘निल’ देतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘टाइपऑफ’ आहे. ही हत्यारे चांगली आहेत.

पण मित्राचा सल्ला आपल्या भोंग्याला लावून पाहा. ‘भोंग्यापाशी वाजीव आहे का? असेल तर वाजीव बोलवा, नसेल तर पुढे चला.’ भोंग्यापाशी ‘वाजव’ आहे, ‘वाजीव’ नाही. म्हणून उत्तर ‘नाही’ येते आणि आज्ञावली निमूटपणे पुढे जाते. मघाशी ती निदान बंद पडत होती. बंद पडलेली आज्ञावली पाहून कोणीतरी धावत आले असते. आता पडद्यावर सर्व आलबेल आहे आणि भोंगा कधीच वाजणार नाही. चूक होती तिथेच आहे. आपण फक्त तिचे तोंड बांधले!

म्हणून माझे मत असे आहे: जे नाव तुम्ही स्वतः लिहिले आणि जे असलेच पाहिजे, त्याला ‘तू आहेस का’ असे विचारू नये. नसेल तर आज्ञावलीला मोठ्याने पडू द्यावे, आणि तेही शाळेच्या टेबलावर, आधीच. कसे? आज्ञावली सुरू होताच, पहिली नोंद वाचण्यापूर्वी, भोंगा एकदा वाजवून पाहावा. ‘वाजीव’ ची चूक पहिल्या सेकंदाला पकडली जाईल. नोंदींच्या जागी मुद्दाम १.३ घालून ती कधी न चालणारी ओळही चालवावी. शिवाय पायथनसाठी ‘पायलिंट’ सारखी साधने मिळतात. ती आज्ञावली न चालवताच वाचतात आणि कुठेच न ठरवलेली नावे दाखवतात. फंक्शनच्या आत किंमत ठेवली पण पुढे कधी वापरली नाही, असा ‘एकुण’ सारखा चलही त्यांच्या नजरेत येतो. पहारेकरी गेला म्हणालो होतो, तो असा परत बोलावता येतो.

मग ‘आहे का’ हे विचारायचे कधी? जिथे नसणे ही चूक नसून शक्यता आहे तिथे. नोंदी बाहेरून येतात. वहीत सातव्या तासाची ओळ असेल किंवा नसेल. तिथे विचारलेच पाहिजे, आणि उत्तर ‘नाही’ आले तर शून्य न घालता ‘तपासणी नाही’ असे स्पष्ट छापले पाहिजे. माझ्या मते त्या वेळीही भोंगा वाजावा, हवे तर वेगळ्या सुरात. दोन प्रकारची यंत्रे जोडली आहेत, एक फक्त मिथेन मोजते आणि दुसरे तापमानही सांगते. तिथे ‘तुला तापमान सांगता येते का’ असे यंत्राला विचारणे योग्यच. मात्र नाव सापडले म्हणजे काम बरोबर होईल असे नाही. ‘वाच’ नावाची मेथड पुस्तकालाही असू शकते आणि मिथेनमापकालाही. नावाच्या तपासणीने एवढेच कळते की दारावर पाटी आहे. आत कोण राहते ते कळत नाही.

रुबी शिकणाऱ्यांसाठी एक गंमत. ज्या अटीच्या आत कधीच जायचे नाही अशा ठिकाणी एखाद्या चलात किंमत ठेवण्याची ओळ लिहा. ती ओळ चालत नाही. तरी त्यानंतर ‘डिफाइन्ड?’ ने विचारलेत तर रुबी सांगते, हा चल ठरवलेला आहे. किंमत मात्र ‘निल’. कारण रुबी ती ओळ चालवण्यापूर्वी वाचते आणि वाचतानाच नावाची नोंद करते. आपल्या चार परिस्थितींपैकी पहिली नव्हे आणि चौथीही नव्हे, हे ध्यानात आले ना?

प्रदर्शनाच्या परीक्षकांशी माझा एक जुना वाद आहे. जी आज्ञावली अडखळत नाही तिला ते जास्त गुण देतात. माझ्या हाती असते तर मी नोंदवहीतले एक पान काढून घेतले असते आणि मग आज्ञावली चालवायला सांगितली असती. जी थांबून ‘सातव्या तासाची नोंद नाही’ म्हणाली तिला गुण द्यावेत. जिने हसतमुखाने सरासरी काढून दाखवली, तिच्या कर्त्याला शेजारी बसवून चार प्रश्न विचारावेत.

आता मराठी नावे वापरणाऱ्यांसाठी एक करून पाहण्याचा प्रयोग. खाणीत हवा खेळती ठेवावी लागते, म्हणून आपल्या आज्ञावलीत ‘वाऱ्याचा_वेग’ असा एक चल हवा. (नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून मधे अधोरेषा.) यातला ‘ऱ्या’ हा अर्ध्या रफाराचा, खास आपला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, हे तुम्ही व्याकरणात शिकलात. हा अर्धा रफार संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर, हलन्त आणि ‘य’ असतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथन ते अदृश्य चिन्ह नावात स्वीकारत नाही आणि तसे सांगून थांबते. जावास्क्रिप्ट मात्र स्वीकारते आणि तिच्या दृष्टीने हे दोन वेगळे चल ठरतात. एका कळफलकावर किंमत ठेवा, दुसऱ्या प्रकारच्या कळफलकावर तेच नाव लिहून ‘टाइपऑफ’ ने विचारा. उत्तर येईल ‘अनडिफाइन्ड’. मग दोन्ही नावांतील चिन्हे मोजून पाहा. एका नावात एक चिन्ह जास्त भरेल.